शेवटचं पान

पौडला आमच्या अब्बांचं शिंपीकामाचं दुकान होतं. अब्बांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. माझं नेमकं उलटं. दुकानात पुस्तकांचे दोन गठ्ठे असत. एक अब्बांचा, ‘जासूसी दुनिया’चा. इब्ने सफींच्या कादंबऱ्यांची ही मासिक माला १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली. दुसरा गठ्ठा माझा, वाचनालयातून आणलेल्या मराठी रहस्यकथांचा.

बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड घरोघर ठाऊक होते. पुढे गुरुनाथ नाईक आले, पुण्याचे सुहास शिरवळकर आले. दिवाळीत ‘धनंजय’ असायचा. १९६१ पासून हा अंक रहस्यकथांसाठीच ओळखला जातो.

शाळेत दप्तरात असं पुस्तक सापडलं तर छडी ठरलेली. घरी मात्र संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायचो आणि अब्बा काजं करता करता ऐकायचे. मग ते मला फरीदी आणि हमीदची गोष्ट सांगायचे. त्यांचं उर्दू मला असं कानानं मिळालं, माझं मराठी त्यांना.

वाचनालयाची पुस्तकं शंभर हातांतून फिरलेली. पुष्कळदा शेवटची पानंच नसायची. मी चिडायचो. अब्बा सुई थांबवून म्हणायचे, ‘‘आता तूच सांग, खून कुणी केला?’’ मी शेवट रचायचो. ते शंका काढायचे. मी पुन्हा रचायचो. पुढे कविता लिहू लागलो, पण माझी पहिली कार्यशाळा तीच.

अब्बा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना असंच एक अर्धवट राहिलेलं पुस्तक आठवलं. नाव आठवेना, गोष्ट मात्र सगळी पाठ. मी वाचनालयात गेलो. जुन्या रहस्यकथा रद्दीत गेल्या होत्या. ‘‘त्या कोण जपून ठेवतं?’’ असं उत्तर मिळालं. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतही हिंडलो. खुनी कोण, हे अब्बांना सांगायचं राहून गेलं.

ही पुस्तकं थोर होती असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या घरात पुस्तकाचं कपाट नव्हतं, त्यांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली. तुमच्या माळ्यावर एखादी जुनी रहस्यकथा असेल, तर रद्दीवाल्याला देण्याआधी तिचं शेवटचं पान आहे का, तेवढं बघा. कुणीतरी त्यासाठी थांबलेलं असेल.