ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्र. ५ वर झालेलं भाषण)



पाचवा विषय वाचलात ना? संघाची वेबसाइट. मघाशी मागून आवाज आला, "आमचा भाचा करून देतो, फुकटात." जरूर करू दे. बाहेरच्या माणसापेक्षा आपलं पोर बरं. पण त्याच्या हातात काम देण्याआधी एक गोष्ट आज ठरवायची आहे.

वेबसाइटला दोन वस्तू लागतात. एक तिचं नाव, म्हणजे पत्ता. त्याला डोमेन म्हणतात. दुसरी, आपली पानं ठेवायची जागा, म्हणजे होस्टिंग. दोन्ही भाड्याच्याच. डोमेन कमीत कमी एक वर्षासाठी मिळतं, जास्तीत जास्त दहा. देवनागरीतलं 'डॉट भारत' नावही २०१४ पासून मिळतं, पण गिऱ्हाइकाच्या बोटांना इंग्रजी अक्षरांची सवय झालीय, म्हणून आधी 'डॉट इन' घेऊ. नाव छोटं हवं. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहून घेता आलं पाहिजे.

आता नीट ऐका. हे नाव घेताना फॉर्म भरावा लागतो. मालकाचं नाव, ईमेल, मोबाइल. भाच्यानं घाईत स्वतःचंच टाकलं, तर कागदोपत्री मालक तो झाला. त्यात त्याची लबाडी नसते हो. पण उद्या तो पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला, की नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडणार. मुदत संपली की साइट बंद. पुढे थोडे दिवस सवलत असते, तीही उलटली की आपलं नाव जगातला कुणीही विकत घेऊ शकतो. इकडे मसाल्याच्या हजार पाकिटांवर तोच पत्ता छापलेला, प्रदर्शनात कार्डं वाटलेली, आणि गिऱ्हाईक पोचणार भलत्याच दुकानात.

गटाचं बँक खातं आपण कुणा एकीच्या नावावर ठेवतो का? ठराव करतो, सह्या ठरवतो, पदाधिकारी बदलल्या की बँकेत जाऊन सह्याही बदलतो. इथंही तसंच करायचं. मालक म्हणून संघाचं नोंदणीतलं नाव. ईमेल संघासाठी नवा काढायचा. मोबाइल कार्यालयाचा, कारण ओटीपी तिथंच येणार. पावती संघाच्या नावानं. पासवर्ड लिहून बंद पाकिटात, पाकिटावर दोघींच्या सह्या, आणि पाकीट कपाटात. भाच्याला कामापुरतं वेगळं लॉगिन देता येतं आणि काम झालं की बंदही करता येतं.

राहिलं साइटवर काय टाकायचं ते. पहिल्याच पानावर सत्कार, हारतुरे आणि पाहुण्यांचे फोटो नकोत, रागावू नका. गिऱ्हाइकाला बघायचा असतो माल. काळा मसाला, पापड, लोणचं यांचा फोटो, वजन, किंमत, किती दिवस टिकतं, कुठपर्यंत पोचवतो आणि फोन नंबर. खायच्या वस्तूंना एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आपण पाकिटावर छापतो, तो इथंही द्या. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तसाच चढवला तर कमी रेंजच्या गावात पान फिरतच राहतं. लहान करून घ्या, दोनशे केबी भरपूर झाले. भाव बदलला की त्याच आठवड्यात साइटवर बदलणारी एक बाई नेमा, नाहीतर जुन्या भावावरून रोज फोनवर वाद. पैसे भरायची सोय पहिल्या वर्षी नको, ऑर्डर फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ.

सदस्यांचे आधार, खाते क्रमांक, कुणावर किती कर्ज, यातलं काहीही साइटवर जाणार नाही. फोटो टाकण्याआधी त्या बाईला विचारायचं. नको म्हणाली तर नको, कारण विचारत बसू नये.

तर ठराव मांडते: डोमेन व होस्टिंग संघाच्या नावे, संघाच्या ईमेल व मोबाइलवर घ्यावे. पासवर्ड अध्यक्ष व सचिव यांच्या ताब्यात राहावेत, आणि नूतनीकरणाची तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहून मुदतीच्या दोन महिने आधीच्या बैठकीत विषय घ्यावा.

सूचक मी. अनुमोदन कोण देतंय?