गोणपाट घरून आणा

(७ नोव्हेंबरला, विद्यार्थी दिनाच्या निमित्ताने, वस्तीतल्या समाजमंदिरात केलेलं भाषण. जसं बोललो तसं उतरवलं आहे. भाषा सुधारलेली नाही.)

मित्रांनो, आयाबहिणींनो, आणि मागं दारात उभी असलेली पोरं, आत या. जागा आहे. सरका रे जरा.

आजचा दिवस सरकारने २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून लावला. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढलं, त्याचा हा दिवस. फोटोला हार झाला, पेढे वाटून झाले. आता जरा त्या वर्गात जाऊ.

गोणपाटाची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. कोपऱ्यात एकटं बसायचं, बुडाखाली गोणपाट. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. सगळे पाण्याचं सांगतात. मी गोदीत काम करतो, आमच्याकडे गोणपाटाला बारदान म्हणतात, त्याची कूस गळ्यात, कानात, कुठं कुठं जाते ते मला विचारा. म्हणून मला पाण्यापेक्षा ते गोणपाट जास्त सलतं. सरकारी शाळेने पोराला आत घेतलं, रजिस्टरात नाव घातलं, आणि सांगितलं की बसायची सोय तुझी तू कर, घरून आण.

ते गोणपाट २०२० साली परत आलं. या वेळी ते काचेचं होतं, वीतभर लांब, आणि आठ-दहा हजारांना मिळत होतं. रिचार्ज वेगळा.

मार्च २०२० च्या मध्याला शाळा बंद झाल्या. बंद केल्या याबद्दल माझी तक्रार नाही. रोग खरा होता, माणसं पटापट जात होती, सायन आणि केईएमच्या दारात आपल्यातले किती जण रात्र रात्र बसून होते ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. माझी तक्रार उघडण्याबद्दल आहे. तारखा ऐका. महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले, निम्म्या गिऱ्हाइकांवर. देवळं १६ नोव्हेंबर २०२० ला. मुंबईतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला. बारनंतर एक वर्षाने, एक दिवस कमी! मधे दुसरी लाट आली, पुन्हा सगळं बंद झालं, हे मला माहीत आहे. पण पहिली लाट ओसरल्यावर नोव्हेंबर २०२० पासून राज्यात बऱ्याच ठिकाणी नववी-दहावीची पोरं मास्क लावून वर्गात बसायला लागली होती, तेव्हाही मुंबईतल्या शाळेचं कुलूप तसंच होतं. आणि पहिली ते सातवीची बारकी पोरं १५ डिसेंबर २०२१ ला आत गेली. एकवीस महिन्यांनी. चार जानेवारीला परत घरी, चोवीस जानेवारी २०२२ ला परत शाळेत. जून २०२० मध्ये ज्याचं नाव पहिलीत घातलं, त्याने वर्ग आतून पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दुसरी अर्धी संपवून बसला होता.

या काळात शाळा चालू होती म्हणतात. मोहिमेचं नावच होतं, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे'. कुठं आहे? मोबाईलमध्ये आहे. मोबाईल कुठं आहे? बापाच्या खिशात. बाप कुठं आहे? बाप वॉचमन आहे, सफाईला आहे, टेम्पोवर आहे, माझ्यासारखा गोदीत आहे. गोदी बंद नव्हती. जहाजं येत होती, आम्ही 'अत्यावश्यक' होतो. तर सकाळी दहाला तास आणि रात्री आठला मोबाईल घरी. बापाने चपला काढल्या की तीन पोरं त्याच्या खिशावर तुटून पडायची. दिवसभराचे सरांचे मेसेज साठलेले, पीडीएफ उघडेपर्यंत डेटा खलास. मोठा म्हणणार माझी दहावी आहे, मग धाकटी बाजूला. पोरगी तर आपोआपच बाजूला. तिला भांडी होती, पाणी भरणं होतं, धाकट्याला सांभाळणं होतं. शाळा बंद झाली आणि पोरगी घरात मिळाली, म्हणजे बिनपगारी बाई मिळाली. आणि गावाकडं, मराठवाड्यात, ती घरात बसलीय म्हणून तिचं लग्न उरकलं आणि तिच्या हातात कोयता आला. त्यावर बोलायला दुसरी सभा लागेल.

आमच्या गल्लीतली एक पोरगी इंग्रजी शाळेत जाते. आई चार घरची धुणीभांडी करून फी भरते. शाळेचं नाव घेत नाही, अशा पुष्कळ आहेत. पोरगी तासाला बसायची ती कॅमेरा बंद करून. बाई रोज म्हणायच्या, व्हिडिओ ऑन कर. ती करायची नाही. एके दिवशी तासातून काढून टाकते म्हणाल्या, तेव्हा केला. मागं मोरी, दोरीवरचे कपडे, झोपलेली आजी, आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. दुसऱ्या दिवसापासून दोन मैत्रिणींचे मेसेज बंद झाले. तिसरीने विचारलं, तुम्ही 'ते' आहात का?

गणवेश कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं. घर झाकायला. निळी पँट पांढरा सदरा घातला की पाच तास तरी पोराच्या मागं मोरी दिसत नाही. दोस्तांनो, शाळा आपल्या लाडाची कधीच नव्हती. तिथंही मागच्या बाकावर बसवलंय, संडास धुवायला आपल्यातलंच पोर निवडलंय, स्कॉलरशिपच्या यादीत नावं ओरडून सांगितलीत, जेणेकरून वर्गाला कळावं कोण कोण. तरी ती घराबाहेरची जागा होती. डोक्यावर पंखा, समोर फळा आणि दुपारी खिचडी. ती खिचडीसुद्धा बंद झाली. तांदूळ-डाळ वाटली म्हणतात, कधी वाटली, कधी दोन महिन्यांची एकदम वाटली. पण शिजवलेलं पोराच्या ताटात पडतं आणि कच्चं सगळ्या घराच्या डब्यात जातं. हा हिशोब आयांना विचारा.

आता कुणी म्हणेल, कवी आहे, रंगवून सांगतोय. तर आकडे घ्या. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सोबत्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्र धरून पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० पोरांच्या घरी माणसं पाठवून विचारलं. शहरात नियमित ऑनलाइन शिकणारी पोरं शंभरात २४. खेड्यात शंभरात ८, आणि अजिबात काहीच न शिकणारी ३७. आता जात लावून बघा. खेड्यातल्या इतर पोरांत नियमित ऑनलाइन शंभरात १५, दलित-आदिवासी पोरांत ४. मोबाईलला जात नसते म्हणणाऱ्याच्या तोंडावर हा चारचा आकडा मारा.

सगळेच मास्तर कामचुकार होते असं मी म्हणणार नाही. सोलापुरात नीलमनगरात मास्तरांनी कामगारांच्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, पोरं गल्लीतून हिंडत वाचायची. दूरदर्शनवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी, ज्याच्या घरी टीव्ही त्याला तरी ते दिसायचं. आणि कित्येक मास्तरांना तर कोविडच्या ड्युटीवर जुंपलं होतं, शाळांची क्वारंटाईन सेंटरं झाली होती. पण ही मास्तरांची स्वतःची हुन्नर झाली. वरून जे आलं ती लिंक होती.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग निघाला तो मांडवीत, गोदीच्या अंगाला. तिथून तो पुण्याला गेला. तेव्हा सावित्रीबाई पासष्टीच्या होत्या. १८४८ ला भिडेवाड्यात पोरींना शिकवणारी ही बाई, ती दार लावून घरात बसली नाही. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. मी कुठल्या बाईला मरायला सांगत नाही. एवढंच म्हणतो की साथीत मास्तरीण वस्तीत येते हे आपण एकदा पाहिलेलं आहे, तेव्हा ते जमणारच नव्हतं असं आम्हाला कुणी शिकवू नये.

बरं, शाळा उघडल्या. मग? एक जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला होता, मागचं राहिलेलं भरून काढायला. तोही बहुतेक ठिकाणी मोबाईलवरच! ज्याचं मोबाईल नसल्यामुळे राहिलं, त्याने ते मोबाईलवर भरून काढायचं. नदीच्या पलीकडच्या काठावर पूल बांधायचा आणि इकडच्याला म्हणायचं, ये की. ऑगस्ट २०२१ ला खाजगी शाळांना पंधरा टक्के फी कमी करा असा सरकारी निर्णय निघाला. चांगलं झालं. पण त्या फीपायी ज्यांची पोरं आधीच निघाली, ज्यांचे दाखले अडवले, त्यांचं काय?

पोरं परत आली तेव्हा चौथीतलं पोर पेन्सिल मुठीत धरत होतं. 'असर'वाले गावोगाव वाचून घेतात. त्यांच्या हिशोबाने देशातल्या खेड्यांत २०१८ ला तिसरीतल्या शंभरातल्या २७ पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता यायचं, २०२२ ला ती वीस-एकवीसवर आली. याला साहेब लोक लर्निंग लॉस म्हणतात. लॉस कंपनीला होतो, पुढच्या वर्षी भरून निघतो. आपल्याकडे पोर बुडालं म्हणतात.

आणि हे आलेल्यांचं झालं. न आलेल्यांचं कोण सांगणार? दहावीचा २०२१ चा निकाल ९९.९५ टक्के लागला, परीक्षा न होता. पेपरात फोटो, पेढे. जो दहावीपर्यंत पोचलाच नाही तो कुठल्या टक्क्यात धरलाय?

माझ्या टोळीत एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. मार्च २०२० ला आठवीत होता. परीक्षा न देता नववीत ढकलला. नववी मोबाईलवर, आणि मोबाईल नाही. बाप नाक्यावर जायचा, काम बंद, म्हणून हा भाजीच्या गाडीवर लागला, मग वखारीत, मग आमच्यात. मी त्याला विचारलं, शाळा का सोडलीस? तो म्हणाला, "मी नाय सोडली. मला कुणी काढलं पण नाय. शाळा बंद होती. ती उघडली तवा मी कामावर होतो."

हे वाक्य मी रात्रभर डोक्यात घोळवलं. कवितेत बसेना. कुणी दोषीच सापडत नाही अशी ही चोरी आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा आहे, सहा ते चौदा वयाचा. कलम चार सांगतं, वयानुसार वर्गात घ्या आणि मागे पडलेल्याला खास प्रशिक्षण द्या. कलम पाच सांगतं, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवू नका. सरळ सोपं आहे. पण हा चौदा पूर्ण झाला आणि साथ चालूच होती. कायद्याने त्याचा हात बरोबर दारातच सोडला.

जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' झालं. पंधरा दिवस. मास्तरांना सांगितलं घरोघर जा. भर पावसात, अर्ध्या वस्तीची माणसं दिवसा कामावर, पोरंही कामावर. कुलपाला कोण विचारणार?

गोदीत आम्ही जे करतो ते सांगतो. जहाज लागलं की मॅनिफेस्ट असतं, कुठला माल किती नग. आम्ही उतरवतो आणि टॅली क्लार्क एकेक नग मोजून घेतो. दोन्ही कागद जुळवतात. एक पेटी कमी आली तर शॉर्ट लँडिंग लिहितात, मग जहाजवाला, विमावाला, सगळे कामाला लागतात. एका पेटीसाठी! पोरांचं मॅनिफेस्ट शाळेत आहे, मार्च २०२० चा पट. टॅली कुणी केली?

आपण करू. शाळा नावं देणार नाही, देऊही नये. आकडा देईल. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प. मार्च २०२० चा वर्गवार पट आणि त्यानंतरच्या दर जूनचा. तो अर्ज मी लिहून आणलाय, सह्या करून जा. नावं आपण घरोघर घ्यायची, रविवारी, नळ गेल्यावर, म्हणजे सगळे घरी सापडतील. पोरगं तेव्हा कितवीत होतं, आज कुठं आहे, एवढंच विचारायचं. पोरगी सासरी गेली असेल तर तेही लिहायचं, कुठल्या साली तेही. उगाच भाषण द्यायचं नाही, आयांना ओरडायचं तर मुळीच नाही. चौदाच्या आतली सापडली तर हेडमास्तरांकडे कलम चार घेऊन जायचं, दहा-पंधरा जणांनी मिळून, शांतपणे, पण खुर्ची दिल्याशिवाय उठायचं नाही.

मोठ्यांचं काय, असं मगाशी एका बाईंनी विचारलं. त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. माझ्या टोळीतल्या पोराला मी तयार केलाय. त्याचा दाखला जुन्या शाळेत पडून आहे आणि ऑफिस उघडतं त्या वेळेत आमची पाळी असते. त्याची एक दिवसाची रजा मागायला उद्या मुकादमाकडे जायचंय. माझ्याबरोबर कोण कोण येतं, आत्ताच सांगा.