डिझेलची वही आणि कार्बनचा हिशोब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तिघांनी तरी विचारलं, "गो, तू कम्प्युटरवर नेमका करतस काय?" तेच सांगते. मी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिते, पण पैशांच्या हिशोबाचं नाही. एखाद्या धंद्यामुळे हवेत किती कार्बन जातो, त्याच्या हिशोबाचं. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीने पर्यावरणाचा अहवाल सक्तीचा केला, त्यात हे आकडे येतात. माझ्यासारख्यांचं पोट त्यावर चालतं.

हिशोब अवघड नाही. एक लिटर डिझेल साधारण ८३० ग्रॅम भरतं. ते जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तिप्पट वजन आलं कुठून? आठवीत-नववीत बाईंनी अणुभार पाठ करून घेतले होते ते आठवा. कार्बन १२, दोन ऑक्सिजन मिळून ३२, एकूण ४४. डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. बाई, ते पाठांतर वाया गेलं नाही!

जगभर बहुतेक कंपन्या २००१ साली आलेल्या 'ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल'च्या पद्धतीने तीन खाती मांडतात. पहिल्या खात्यात आपण स्वतः जाळलेलं इंधन आणि आपल्या यंत्रांतून गळलेला गॅस. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं, म्हणजे विकत घेतलेला माल, दुसऱ्याच्या गाडीने केलेली वाहतूक, वगैरे. बर्फाच्या कारखान्याची वीज कारखान्याच्या दुसऱ्या खात्यात जाते. तोच बर्फ ट्रॉलरवाल्याने घेतला की त्याच्या तिसऱ्या खात्यात येतो. एकच आकडा दोन वह्यांत दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा, कारण तो कमी करणं थोडं दोघांच्याही हातात असतं.

आपल्यापैकी ज्यांचे तारकर्लीला, देवबागला होमस्टे आहेत, त्यांनी ऐका. ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर संपला की साधारण ५७ किलो. पण एसीत आर-४१०ए हा गॅस असेल आणि तो एक किलो गळला, तर तापमानवाढीच्या हिशोबाने ते सुमारे २००० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. म्हणजे पस्तीस सिलिंडर! आपल्याकडे खारी हवा कॉइल खाते आणि 'गॅस भरून घेतला' हे आपण सहज बोलून जातो. गळती न शोधता नुसता गॅस भरणं खिशालाही परवडत नाही.

आता मासळी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काढलेला हिशोब असा, की देशात एक टन मासळी पकडताना १९६१ साली सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड जायचा, तो २०१० पर्यंत सुमारे एक टन झाला. ही सगळ्या होड्या-ट्रॉलरांची मिळून सरासरी. रापणीचं काय? होडीने जाळं अर्धगोलात टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. होडीला इंजिन असलं तरी डिझेल किंवा पेट्रोल लागतं ते थोडंच.

मला काळजी वाटते ती इथे. मोठी कंपनी आपलं तिसरं खातं भरायला पुरवठादारांना आकडे विचारते. पुरवठादाराकडे आकडा नसेल, तर ती त्या व्यवसायाची सरासरी लावते. मग रापणीच्या बांगड्याला ट्रॉलरच्या डिझेलचा आकडा चिकटतो. ज्याने सर्वांत कमी जाळलं, त्याच्या नावावर दुसऱ्याचा धूर! युरोपने स्टील, सिमेंट अशा मालावर सीमेवर कार्बनचा कर आणला आहे. त्यात मासळी नाही, काजूही नाही. पण घेणाऱ्याच्या प्रश्नावलीला कायदा लागत नाही. गिऱ्हाईक मोठं असलं की पुरतं.

म्हणून वही हवी. दर फेरीला किती लिटर डिझेल आणि किती किलो मासळी, एवढे दोन रकाने. लिटरच लिहा, रुपये नकोत. माझं अर्धं काम रुपयांतून लिटर शोधण्यात जातं, कारण भाव दर वर्षी वेगळा. एकाला दुसऱ्याने भागलं की किलोमागे डिझेल कळतं आणि कुठली फेरी अंगावर आली तेही कळतं. सिंधुदुर्ग किनाऱ्यावर यूएनडीपीच्या प्रकल्पात ट्रॉलरसाठी चौकोनी आसाची जाळी आणली गेली. लहान मासळी निसटावी हा मूळ हेतू, पण जाळ्याला पाण्याचा अडथळा कमी झाल्याने डिझेलही वाचतं. किती वाचलं, हे मात्र आधीची नोंद असलेल्यालाच सांगता येतं.

झाडं लावून भागेल का, असं कोणीतरी विचारणारच. झाडं जरूर लावा, खाडीतली कांदळवनं तर जपाच. पण ती जळालेल्या डिझेलच्या रकान्यात वजा करू नका. प्रोटोकॉलही ते वेगळंच दाखवायला सांगतो.

डिझेल, वीज, सिलिंडर आणि एसीचा गॅस अशा चार रकान्यांचा मराठी तक्ता मी छापून आणलाय. मागच्या बाकावर ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी जेवणाआधी घ्या आणि सोबत एखाद्या महिन्याची बिलं मोबाईलमध्ये असतील तर दाखवा. आपण इथेच भरून बघू.