गाडीचा दिवा आपणही वाचू या

(गंगापूर येथे गाडी चालवणाऱ्या आणि गाडीसाठी कर्ज काढलेल्या महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्याच तालुक्यात, वाळूजला, १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. गाड्या इथं बनतात, त्यांचे हप्ते आपल्या बचत गटाच्या वहीत लिहिले जातात. पण गाडी गॅरेजला गेली की बोलणं होतं मिस्त्री आणि घरातला पुरुष यांच्यात. कर्जाच्या कागदावर सही बाईची. क्लच प्लेट बदलायची का, हे मात्र तिला कुणी विचारत नाही. "तुला त्यातलं काय कळतं?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. मी स्वतः गॅरेजमध्ये काम करते, म्हणून सांगते: त्यात न कळण्यासारखं फार थोडं आहे.

हे 'न कळणं' आपोआप आलेलं नाही. १९७४ साली टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं लिहिलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, तेव्हा त्यांना मुलाखतीला बोलावलं गेलं. १९४८ च्या कारखाना कायद्याचं २२ वं कलम तर पाहण्यासारखं होतं. चालू यंत्राची शक्ती पुढे नेणारे भाग तपासायचे, त्यांना तेल द्यायचं, तर ते काम खास शिकवलेल्या, अंगाबरोबर घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ पुरुषानं करावं. बाईला मात्र मनाई. म्हणजे धोक्यावर उपाय होता: शिक्षण आणि घट्ट कपडे. पुरुषाला उपाय दिला आणि बाईला बंदी दिली! नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी कामगार संहिता लागू झाली आणि सर्व प्रकारच्या कामांत स्त्रीचा हक्क कायद्यानं मान्य झाला. कायदा बदलला, आता गॅरेजच्या दारातली सवय बदलायची आहे.

सुरुवात दिव्यांपासून करू. लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा किंवा निळा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे एवढंच.

तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करा. हा दिवा तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. "गॅरेजपर्यंत जाऊ" म्हणाल तर इंजिनचं काम निघेल. गाडी सपाट जागी उभी करून पाच-दहा मिनिटं थांबा, तेलाची पट्टी काढा, पुसा, परत घालून पाहा. तेल कमी असेल तर भरा. तेल पुरेसं असून दिवा जात नसेल तर गाडी ओढून न्या.

बॅटरीचा दिवा लागला म्हणजे बॅटरीच गेली असं नाही. बहुतेक वेळा चार्जिंग होत नसतं. आधी पट्टा तुटलाय का, सैल झालाय का ते बघा. नवी बॅटरी घेण्याआधी चार्जिंग तपासायला सांगा. ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. म्हणजे लायनर किंवा पॅड झिजलेत, नाहीतर कुठंतरी गळती आहे. नुसतं ऑइल टाकून पुढे जाऊ नका. काटा गरमवर गेला तर थांबा, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर येतं.

पिवळा इंजिनचा दिवा आता स्कूटरलाही असतो, कारण एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. या दिव्यामागे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये एक कोड साठतो आणि तो स्कॅनरवर वाचता येतो. पण कोड हा पत्ता नव्हे, दिशा आहे. कोड एखाद्या सेन्सरचं नाव सांगतो. खरा दोष त्याच्या वायरमध्ये, सैल पाइपमध्ये किंवा हवेच्या गळतीत असू शकतो. म्हणून "सेन्सर गेला" असं म्हटलं की विचारा, "कोड काय आला? वायर बघितली का?"

आता चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांकडे येऊ. यांना बहुधा दिवा नसतो. ते आवाजानं, वासानं आणि धक्क्यानं बोलतात. कांदे भरून लासूर स्टेशनला निघालेला छोटा हत्ती घ्या. इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानानं पळत नाही, आणि जळका वास येतो: क्लच घसरतोय. प्लेट बदलण्याआधी पेडलचा खेळ आणि केबल तपासायला सांगा, कधी तेवढ्यावर भागतं. गाडी सोडताना किंवा मागे-पुढे घेताना खालून 'टक्' असा आवाज येतो: प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजला असण्याची शक्यता मोठी. क्रॉस बदलणं हे गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा फार लहान काम आहे. वेगाबरोबर घूं-घूं वाढते आणि वळणावर बदलते: चाकाचं बेअरिंग पाहा. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या कारमध्ये पूर्ण वळवताना कटकट येते: एक्सलचा जॉइंट. स्कूटर निघताना हिसके देते: तिचा पट्टा आणि रोलर बघायला सांगा.

हे आपल्याला अवघड नाही. दळणाच्या गिरणीचा आवाज बदलला की आपण न बघता ओळखतो. फक्त गॅरेजमध्ये सांगताना "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. कधी होतं, थंड की गरम, चढावर की वळणावर, रिकामी की भरलेली, कोणता दिवा, कोणता रंग, हे लिहून न्या. मिस्त्रीला बरोबर बसवून चक्कर मारून दाखवा. चांगल्या मिस्त्रीला अशी गिऱ्हाईक आवडते, कारण त्याचाही वेळ वाचतो.

आणि चार गोष्टी ठरवून घ्या. काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज कागदावर. काम वाढलं तर आधी फोन. काढलेला जुना भाग परत. आणि पक्कं बिल, आपल्या नावावर. हे बिल फार मोलाचं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराला फी नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी गाडी चालवणारी बाईसुद्धा या कायद्यात ग्राहकच आहे. मदतीचा फोन १९१५.

बायांनो, प्रत्येकीनं मिस्त्री व्हावं असं मी म्हणत नाही. ज्या मुलींना व्हायचंय त्यांना आयटीआयच्या मोटार मेकॅनिक वर्गात घाला, लोक काय म्हणतील ते ऐकत बसू नका. पण जिच्या नावावर हप्ता आहे, तिला तेलाची पट्टी कुठं असते हे माहीत असलंच पाहिजे. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेट उघडा आणि ती पट्टी शोधा. शेजारणीलाही दाखवा. पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे.