तगरच्या बाजारपेठेत जाण्यापूर्वी

(अभ्यास-सहलीच्या पूर्वतयारीसाठी बोलावलेल्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेची सहल म्हटली की लेणी ठरलेलीच असतात. अजिंठा झाले, वेरूळ झाले, कार्ले-भाजे झाले. स्तूपाला वंदन करायचे, त्रिसरण-पंचशील म्हणायचे, पायऱ्यांवर सर्वांचा एक फोटो काढायचा, डबे सोडायचे आणि गाडीत बसायचे. त्यात गैर काही नाही. परंतु या वेळी कार्यकारिणीने धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव निवडले आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न विचारला जात आहे, "तिथे पाहण्यासारखे आहे तरी काय?"

खरे सांगायचे तर डोळ्यांत भरेल असे फार थोडे आहे. तेरणा नदीच्या काठी पांढरीची टेकाडे आहेत, विटांचे जुने बांधकाम आहे, एक वस्तुसंग्रहालय आहे आणि पायाखाली खापरेच खापरे आहेत. म्हणूनच आधी समजून घेऊन गेले पाहिजे. न समजता गेलो तर दुपारपर्यंत आपली मुले कंटाळतील आणि दोष तेरला देतील.

सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. त्यात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत, पैठण आणि तगर. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड जात, तर तगरहून जाडेभरडे कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला जाई. हे तगर नेमके कोठे, याविषयी विद्वानांत बराच काळ वाद होता. कोणी जुन्नर म्हणत, कोणी देवगिरी. 1901 साली फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजेच तेर हे साधार मांडले. कोकणचे शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही आपल्या बिरुदात तगरपूरचे नाव अभिमानाने मिरवीत. त्यावरून त्या शहराचा लौकिक कळावा.

आपण सोलापूरकर. चादरीचा धागा आणि मागाचा खटखटाट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. तेरच्या उत्खननात कापड रंगविण्याची विटांची कुंडे सापडली आहेत. मलमल हा शब्द पुस्तकात वाचणे वेगळे आणि जेथे ते कापड रंगात बुडवून पिळले गेले त्या जमिनीवर उभे राहणे वेगळे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई-वडिलांनी गिरणीत पाळ्या केल्या, त्यांनी त्या कुंडांविषयी आपल्या मुलांशी अवश्य बोलावे.

आता कोणी म्हणेल, कापडाच्या व्यापाराचा आणि धम्माचा संबंध काय? फार जवळचा आहे. भगवान बुद्धांचे पहिले दोन उपासक, तपस्सु आणि भल्लिक, हे गाड्या घेऊन निघालेले व्यापारी होते. जेतवन दान देणारा अनाथपिंडक हा श्रेष्ठी होता. भगवंतांनी व्यापाराला नाकारले नाही, त्याला मर्यादा घातली. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, एवढे सांगितले. आपल्या लेण्यांचे दानलेख वाचा. राजे-राण्या आहेतच, पण गंधी, सुतार, लोहार, धान्याचे व्यापारी, माळी यांची नावे धंद्यासकट कोरलेली आहेत. स्वतःच्या धंद्याची त्यांना लाज वाटलेली दिसत नाही. आपल्या आजोबांच्या काळात आपल्या माणसाला दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे, पैसे जमिनीवर ठेवावे लागत आणि मीठ वरून ओंजळीत टाकले जाई. त्या लोकांच्या नातवंडांनी कष्टकऱ्यांच्या दानावर उभ्या राहिलेल्या धम्माची बाजारपेठ पाहायला जाणे, ही माझ्या दृष्टीने साधी सहल नाही.

नाशिकच्या लेण्यांतील एका लेखाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण संघासाठी ठेव म्हणून ठेवले. कोठे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेखात सांगितले आहे की त्यातून वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब पै-पैचा जुळतो! शिवाय हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून रीतसर नोंदविला गेला. दुसऱ्या श्रेणीने व्याज कमी का दिले, हा प्रश्न मला कारकून म्हणून नेहमी पडतो. कदाचित तिची पत अधिक असेल. हा आपला माझा तर्क. पण विणकरांच्या संघटनेवर राजाच्या जावयाने कायमची ठेव विश्वासाने सोपवावी, ही गोष्ट आपल्या वसतिगृह निधीच्या सभासदांनी मनावर घ्यावी.

विद्यार्थ्यांना आणखी एक सांगतो. बाबासाहेबांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय प्राचीन भारतीय व्यापार हाच होता. तो शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या बाराव्या खंडात आहे. आपल्या वाचनालयात तो खंड आहे. निघण्यापूर्वी निदान चाळावा.

आता प्रत्यक्ष तेरविषयी. आधी वस्तुसंग्रहालयात जावे, नंतर टेकाडाकडे. हा क्रम उलटा करू नये. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, नदीकाठी मिळणाऱ्या वस्तू चिकाटीने जमविल्या. आज तेथे त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, साच्यातून काढलेल्या मृण्मूर्ती, दिवे, जाती असा तो संसार आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती नीट पाहा. इटलीत इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात 1938 साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरच्या बाजाराचे जग किती लांबवर पसरले होते ते त्यावरून समजते. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी कोणत्या दिवशी असते हे चिटणीसांनी आधी विचारून घ्यावे. एवढ्या लांब जाऊन कुलूप पाहायला नको.

तेरला उत्खननात विटांचा मोठा स्तूपही उजेडात आला. त्याची पायाची रचना आऱ्यांच्या चाकासारखी होती. धम्मचक्राची आठवण यावी अशीच ती आहे.

याहून नाजूक गोष्ट त्रिविक्रम मंदिराची. विटांची ही वास्तू मागील बाजूस अर्धगोलाकार आहे, आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तळासारखी. मूळचे ते बौद्ध चैत्यगृह असावे असे कझिन्स यांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदविले आणि पुष्कळ अभ्यासक तसेच मानतात. आंध्रातील चेझर्ला येथेही असेच मंदिर आहे. पण आज तेथे गावकऱ्यांची पूजा चालते. आपण तेथे घोषणा द्यायला जात नाही आहोत. बाहेरून फिरावे, छताचा आकार पाहावा, विटा न्याहाळाव्यात, आत जायचे तर पादत्राणे काढून शांतपणे जावे. कोणी गावकऱ्याने विचारलेच तर जे अभ्यासकांनी लिहिले आहे ते नम्रपणे सांगावे, वाद वाढवू नये. इतिहास खरा असेल तर त्याला आवाज चढविण्याची गरज पडत नाही, आणि त्या विटा गावाने वापरात ठेवल्या म्हणूनच आज आपल्याला दिसत आहेत, हेही विसरू नये.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. नदीकाठी त्यांचे मंदिर आहे. ज्या गावाच्या मातीत दोन हजार वर्षांची खापरे आहेत तेथेच कुंभार संत व्हावा, हा योग मला मोठा गोड वाटतो.

टेकाडावर गेल्यावर मात्र कडक शिस्त पाळावी लागेल. खापर, मणी, वीट, काहीही उचलायचे नाही. पावसानंतर मणी वर येतात, लहान मुले ते विकायलाही आणतील. घेऊ नयेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंबाबत 1972 चा कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी जागेवरून हललेली वस्तू मुकी होते. पांढरीची माती शेतासाठी नेण्याची चाल गावोगावी होती. अशी टेकाडे त्यानेच खचली आहेत. त्यात आपण खिसाभर भर घालू नये. उभ्या पिकातून जाऊ नये, वाट विचारून चालावे.

वेळ उरला तर परतताना कसबे तडवळे येथे थांबावे असे मी सुचवितो. फेब्रुवारी 1941 मध्ये महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब तेथे आले होते. धाराशिवची लेणी याच फेरीत उरकण्याचा आग्रह काही सभासदांचा आहे. त्यांना अर्धा दिवस लागतो, ती पुढच्या खेपेला ठेवावीत.

सोलापूरहून तुळजापूरमार्गे सकाळी लवकर निघावे, म्हणजे उन्हाच्या आधी संग्रहालय गाठता येईल. टेकाडावर सावली नाही. पाणी, टोपी, वही आणि पेन्सिल प्रत्येकाजवळ हवी. आठवीच्या पुढील विद्यार्थ्यांनी गट करून एकेका वस्तूचे चित्र काढावे व चार ओळी लिहाव्यात. त्यांतील निवडक मजकूर संस्थेच्या फलकावर लावू. ज्यांना वर्गणी जड जाईल त्यांनी संकोच न करता खजिनदारांना एकट्याने भेटावे. त्यांची नावे यादीत वेगळी लिहिली जाणार नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!