ग्राफिक डिझायनरची निवड: नाशिकच्या उद्योजकासाठी काही कसोट्या

अक्षर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांच्या योजनेतून ठरावीक वाचकापर्यंत ठरावीक आशय पोचवण्याची विद्या म्हणजे ग्राफिक डिझाइन होय. दुकानाची पाटी, मालाचे वेष्टन, बोधचिन्ह, माहितीपत्रक आणि मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरात हे सर्व तिच्या कक्षेत येते. व्यवसायाला हे काम करून देणारी व्यक्ती किंवा संस्था निवडताना बहुतेक वेळा चित्रे समोर मांडली जातात आणि मालकाला जे आवडेल ते मान्य होते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे आहे की, ही निवड कोणतेही चित्र पाहण्यापूर्वीच बरीचशी झालेली असावी लागते. कारण व्यवसायाची गरज, प्रत्यक्ष उत्पादनाची पद्धत आणि कामाची मालकी या तीन गोष्टी कागदावर ठरल्या नसतील, तर आवडीला आधारच उरत नाही.

नाशिकला या विषयाचा इतिहास परका नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते व ठसे कोरण्याचा आणि छपाईचा व्यवसाय त्यांनी केला होता. म्हणजे चित्र काढणे आणि ते कागदावर उतरवणे ही दोन्ही अंगे एकाच माणसाच्या हाती होती. पुढे १९२५ साली नाशिक रोडला सुरू झालेल्या भारत प्रतिभूती मुद्रणालयाच्या इतिहासातही या दोन अंगांचे नाते स्पष्ट दिसते. १९४८ सालची गांधीजींची स्मारक टपाल तिकिटे स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए या छापखान्यात फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापून घ्यावी लागली, कारण तांब्याच्या रुळावर सूक्ष्म खळगे कोरून त्यांत शाई भरणारी ही पद्धत तेव्हा नाशिकला उपलब्ध नव्हती. ती सोय झाल्यावर १९५२ साली कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची तिकिटे नाशिकलाच निघाली. छायाचित्रासारख्या मृदू छटा हव्या असतील, तर त्या उमटवणारे यंत्र आधी असावे लागते, हा त्यातील बोध आजच्या पेटीला आणि पाकिटालाही लागू आहे.

कालांतराने चित्रकार आणि मुद्रक हे व्यवसाय वेगळे झाले. जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची उपयोजित कला संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ साली मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्र स्थापन झाले. त्याआधीच्या पिढीत किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्याला मात्र घरचाच चित्रकार लाभला होता. शं. वा. किर्लोस्कर यांनी चित्रकलेचे शिक्षण घेऊन कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहिले आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले. नांगर कोण विकत घेतो, हे त्या चित्रकाराला कोणी वेगळे सांगावे लागत नव्हते. आजच्या मालकाला ते बाहेरच्या माणसाला सांगावे लागते, आणि इथूनच निवडीचा प्रश्न सुरू होतो.

सांगण्याचे हे काम ज्या टिपणाने होते, त्याला व्यवसायात ‘ब्रीफ’ म्हणतात. माल कोणता, घेणारा कोण, तो माल कोठे आणि किती अंतरावरून पाहतो, शेजारी कोणाचा माल असतो, कोणता मजकूर अनिवार्य आहे, खर्चाची मर्यादा किती आणि निर्णय कोण घेणार, एवढे त्यात एका पानावर आले पाहिजे. नाशिक जिल्ह्यातच या प्रश्नांची उत्तरे किती भिन्न असतात पाहा. पिंपळगाव बसवंतच्या निर्यातदाराची द्राक्षे परदेशी साखळी दुकानाच्या नावाने विकली जात असतील, तर त्याचे बोधचिन्ह ग्राहकापेक्षा आयातदार अधिक पाहतो. येवल्याच्या पैठणी विणकराला साडीची अस्सलता पटवून द्यायची असते. अंबड किंवा सातपूरच्या सुट्या भागांच्या कारखान्याला मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागापुढे विश्वासार्ह दिसायचे असते. २००० साली पहिली वाइन बाजारात आणणाऱ्या सुला कंपनीने मिशीवाला हसरा सूर्य हे चिन्ह घेतले. वाइनशी फारसा परिचय नसलेल्या गिऱ्हाइकाला बुजवणारी परदेशी राजचिन्हांची ऐट त्यात नाही, आणि नव्या वाचकाचा विचार चिन्हात कसा उतरतो याचे ते जवळचे उदाहरण आहे. ज्या डिझायनरने असे प्रश्न पहिल्या भेटीत स्वतःहून विचारले नाहीत आणि थेट रंगांविषयी बोलणे सुरू केले, त्याच्याविषयी सावध राहावे.

यानंतर पूर्वीच्या कामांचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ, तपासायचा. पडद्यावर चकचकीत बाटली किंवा पिशवी दाखवणारी चित्रे संगणकावर सहज तयार होतात. त्यामुळे छापून बाजारात गेलेली वस्तू हातात मागून घ्यावी, त्या कामात नेमका वाटा कोणाचा होता हे विचारावे आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांशी बोलावे. द्राक्षांच्या कोरुगेटेड खोक्यावर ही परीक्षा नेमकी होते. नालीदार पुठ्ठ्यावर लवचीक उठावदार पट्टीने पातळ शाई उमटवणाऱ्या छपाईला फ्लेक्सोग्राफी म्हणतात. तिच्या दाबाखाली बारीक रेघा फुगतात, अक्षरांच्या पोकळ्या बुजतात, आणि दोन रंग एकमेकांवर तंतोतंत न बसल्यास कडेला पांढरी फट किंवा गडद किनार दिसते. पडद्यावर नाजूक वेलबुट्टीने शोभणारे चिन्ह त्या खोक्यावर डागासारखे उतरते. म्हणून जाणता डिझायनर चिन्ह एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढ्या आकारात आणि तांब्याच्या भांड्यावर ठोकण्याच्या शिक्क्यातही उठते का, हे आधी पाहतो, आणि छपाईवाल्याशी बोलल्याशिवाय काम अंतिम मानत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक कसोटी अपरिहार्य आहे, ती देवनागरीची. राज्याच्या दुकाने व आस्थापनाविषयक कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी मजकूर देवनागरीत आरंभी असावा लागतो आणि तो अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. लहान दुकानेही त्यातून सुटलेली नाहीत. परंतु रोमन अक्षरांचे बोधचिन्ह आधी करून मागाहून त्याखाली एखादा तयार फॉन्ट चिकटवला, तर पाटी कायद्याला पुरते, डोळ्याला पुरत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी आणि रफार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. त्यांना जागा सोडल्यावर मूळ अक्षर आक्रसते आणि उंची मोजून सारखी वाटणारी दोन नावे लांबून असमान दिसतात. शिवाय मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ अनेक तयार फॉन्टमध्ये हिंदी वळणाने येतो. र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकारांनी देवनागरीच्या संगणकीय अक्षरांना शास्त्रीय पाया दिला आहे, म्हणून डिझायनरने या लिपीत केलेले काम पाहायला मागणे ही अवाजवी अपेक्षा ठरत नाही.

निवडीची एक रूढ पण हानिकारक रीत म्हणजे चारपाच जणांना ‘आधी डिझाइन दाखवा, मग बघू’ असे सांगणे. मोबदल्याची शाश्वती नसलेला माणूस व्यवसायाचा अभ्यास करण्याऐवजी जुने काम रंग बदलून पुढे करतो आणि मालकाच्या हाती अंदाज तेवढे येतात. सार्वजनिक स्पर्धांची गोष्ट वेगळी. १५ जुलै २०१० रोजी मान्य झालेले रुपयाचे चिन्ह खुल्या स्पर्धेतून आले. त्याचे कर्ते डी. उदयकुमार हे मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातील संशोधक होते. स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे चिन्ह कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी अशाच स्पर्धेत दिले. तेथे विषय साऱ्या देशाला ठाऊक होता आणि नियम व पारितोषिक आधी जाहीर झाले होते. खाजगी व्यवसायाची माहिती अशी सर्वज्ञात नसते. म्हणून दोघातिघांशी चर्चा करून एकाला निवडावे आणि अभ्यास व प्राथमिक कल्पना एवढ्या पहिल्या टप्प्याचे पैसे देऊन पारख करावी.

मालकीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. पैसे दिले म्हणजे चित्र आपले झाले, ही समजूत स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कसोटीवर टिकेलच असे नाही. त्या कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क निर्मात्याचा असतो. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम आणि मोबदला देऊन करवून घेतलेली छायाचित्रासारखी काही ठरावीक कामे यांना अपवाद आहे, पण बाहेरच्या डिझायनरने केलेले बोधचिन्ह त्यात बसतेच असे गृहीत धरता येत नाही. कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. द्राक्षे किंवा वाइन परदेशी पाठवणाऱ्याला या दोन ओळी विसरणे महागात पडू शकते. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खालील नोंदणी वेगळी. ती मालाच्या वर्गानुसार होते, ताजी द्राक्षे ३१ व्या, बेदाणे २९ व्या आणि वाइन ३३ व्या वर्गात येते, व दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. केवळ मालाचे वर्णन किंवा गावाचे नाव सांगणारे शब्द सहसा नोंदले जात नाहीत, म्हणून ‘नाशिक’ आणि ‘चिवडा’ एवढ्यावर कोणाला मक्ता मिळत नाही. अंतिम मान्यतेपूर्वीच नोंदणीकृत चिन्हांचा शोध घ्यावा.

करारात टप्पे, प्रत्येक टप्प्याचे पैसे, दुरुस्तीच्या फेऱ्या, फॉन्टचा परवाना आणि छपाईच्या नमुन्याला मान्यता कोण देणार हे लिहावे. बाजारात जिला ‘ओपन फाइल’ म्हणतात, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड न फाटणारी आणि पुढे बदलता येणारी मूळ फाइल, तीही देय वस्तूंच्या यादीत असावी. नाहीतर पुढच्या हंगामात नवे वजन किंवा नवी किंमत टाकण्यासाठीही जुन्याच दारात उभे राहावे लागते. काम केवढ्या संस्थेला द्यावे, याचा विचारही व्यवहारानेच करावा. एका पाटीला आणि बिलबुकाला छापखान्याचा डीटीपी करणारा कारागीर पुरतो. बोधचिन्ह आणि वेष्टन यांना एकटा अनुभवी डिझायनर किंवा लहान स्टुडिओ योग्य. अनेक उत्पादने आणि अनेक राज्यांत जाहिरात असेल तेव्हाच मोठ्या संस्थेचा खर्च सार्थ होतो, आणि तेथेही भेटीला येणारा माणूस व प्रत्यक्ष काम करणारा माणूस एकच आहे का, हे विचारून घ्यावे.

सर्वांत स्वस्त दरपत्रक किंवा सर्वांत देखणा संग्रह यांपैकी कोणतीही एक गोष्ट निवडीचा निकष होऊ शकत नाही. जो डिझायनर गिऱ्हाइकाविषयी विचारतो, छापखान्यात जातो, देवनागरी लिहितो आणि हक्कांच्या कागदावर निःसंकोच सही करतो, तो निवडावा. नाशिकच्या उद्योजकाने पुढचे काम देण्यापूर्वी निदान एक संध्याकाळ काढून आपल्या गरजेचे ते एक पान स्वतःच्या हाताने लिहावे, एवढीच विनंती.