कुमारवयांतील उंची



मुलें बारा-तेरा वर्षांचीं झालीं कीं घराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा उमटूं लागतात. छत्रपती संभाजीनगरांतील पुंडलिकनगरासारख्या दाट वस्तींत समवयस्क मुलें रोज एकमेकांशेजारीं उभीं राहतात, आणि ज्याची रेघ मागें राहते त्याच्या आईबापांना घोर लागतो. मग घरांत लोंबकळण्याचा दांडा येतो, जाहिरातींतला पुडीचा डबा येतो, आणि “अजून एवढासाच कसा?” हा प्रश्न मुलाच्या कानीं वारंवार पडूं लागतो. यांतील उपयोगाचें कोणतें आणि निरुपयोगी कोणतें, याचा आज विचार करूं.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळील कूर्चेच्या पट्ट्यांमुळें. यौवनाच्या अखेरीस या पट्ट्यांचेंच हाड बनतें आणि वाढ थांबते. वाढीचा वेग मुलींत बहुधा ११-१२ व्या वर्षीं आणि मुलांत १३-१४ व्या वर्षीं सर्वांत अधिक असतो. त्या एका वर्षांत मुलगी सुमारें ८, तर मुलगा ९-१० सेंटिमीटर वाढतो. पाळी सुरू झाल्यावर मुलीची वाढ साधारणतः ५ ते ७ सेंटिमीटरच उरते. मात्र हा काळ कोणाला लवकर येतो, कोणाला उशिरां. म्हणून आठवींत पहिल्या बांकावर बसणारा मुलगा अकरावींत मागल्या बांकावर गेलेला दिसतो.

उंचीचा मोठा भाग वंशपरंपरेचा आहे. त्याचा एक ठोकताळा असा : आईबापांच्या उंचीची बेरीज करावी, मुलासाठीं तींत १३ सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठीं १३ वजा करावे, आणि निम्मे करावे. वडील १७० व आई १५३ असल्यास मुलाची अपेक्षित उंची १६८ व मुलीची १५५ येते. दोन्हीकडे सुमारें ८ सेंटिमीटरांचा फरक स्वाभाविक समजावा.

परंतु वारशानें जें दिलें तें पदरीं पडण्यास पोषण लागतें. दक्षिण कोरियांतील स्त्रियांची सरासरी उंची एका शतकांत सुमारें २० सेंटिमीटरांनीं वाढली. शंभर वर्षांत वंश बदलत नाहीं; बदलतें तें अन्न आणि आरोग्य. आपल्याच शहरांत, तेव्हांच्या औरंगाबादेंत, २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचें काम सुरू झालें. दोन वर्षांखालील खुज्या बालकांचें महाराष्ट्रांतील प्रमाण २००५-०६ मध्यें सुमारें ३९ टक्के होतें. २०१२ च्या पाहणींत तें सुमारें २४ टक्के आढळलें. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत राज्यांतील पांच वर्षांखालील सुमारें ३५ टक्के बालकें खुजींच होतीं. उंचीचा पाया गर्भावस्थेंत आणि पहिल्या दोन वर्षांत घातला जातो. चौदाव्या वर्षींचा डबा तो पुन्हा घालूं शकत नाहीं.

मग कुमारवयांत आपल्या हातीं काय उरतें? पुष्कळ उरतें. भाकरीबरोबर रोज वरण किंवा उसळ, दूध अथवा दहीं, भाजी, आणि चालत असल्यास अंडें, एवढें पुरेसें आहे. हें मुलीच्या ताटांतहि तितकेंच पडावें. तिच्या वाढीचीं वर्षें आधीं येतात आणि आधींच संपतात. वाढीचा अंतःस्राव गाढ झोंपेंत विशेष स्रवतो, म्हणून आठ ते दहा तासांची झोंप हवी. रात्रीं उशिरांपर्यंतची शिकवणी आणि हातांतला मोबाईल ती हिरावून घेतात. उन्हांत, मोकळ्या मैदानांत धांवण्या-उड्या मारण्यानें हाडें बळकट होतात.

दांड्याला लोंबकळण्यानें हाड लांबत नाहीं. सकाळीं मनुष्य संध्याकाळपेक्षां एक-दोन सेंटिमीटर उंच असतो, कारण मणक्यांमधील गाद्या रात्रीं फुगतात. लोंबकळण्याचा लाभ याच जातीचा, घटकाभराचा. व्यायाम म्हणून तें अवश्य करावें. तसेंच जोर-बैठकांनीं उंची खुंटते, ही समजूतहि निराधार आहे.

अमुक एक मूल शेजाऱ्याहून ठेंगणें आहे, ही चिंतेची खूण नव्हे. दर सहा महिन्यांनीं उंची मोजून लिहून ठेवावी. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ सालीं ५ ते १८ वर्षांसाठीं वाढीचे आलेख प्रसिद्ध केले, पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर हे त्यांचे प्रमुख लेखक. मुलाची रेघ त्या आलेखावर खालीं घसरूं लागली, वर्षांत चार सेंटिमीटरहि वाढ झाली नाहीं, अथवा मुलींत तेराव्या व मुलांत चौदाव्या वर्षापर्यंत यौवनाचीं चिन्हें दिसलीं नाहींत, तर वैद्याकडे जावें. आठव्या वर्षाआधीं मुलींत वा नवव्याआधीं मुलांत तीं दिसल्यासहि जावें. थायरॉइडचा अथवा आंतड्याचा विकार वेळीं सांपडल्यास उपाय होतो. पट्ट्या मिटल्यावर आलेल्या रुग्णाची उंची कोणतेंहि औषध वाढवूं शकत नाहीं.

तेव्हां डब्याचे पैसे दुधा-डाळीला लावा, दिवा वेळेवर मालवा, आणि चौकटीवरची रेघ मुलाला हिणविण्यासाठीं नव्हे, तर त्याची काळजी घेण्यासाठीं ओढा.